नोटीस दारावर लागण्याआधी

मुलाचे लग्न ठरले की घरात पहिला प्रश्न खोलीचा निघतो. खाली दोन खोल्या आणि वर पत्रा असतो. मग ठरते की पत्रा काढायचा आणि स्लॅब टाकायचा. गवंडी मोहल्ल्यातलाच असतो, सळई ओळखीच्या दुकानातून उधारीवर येते, कुवेतला असलेला भाऊ थोडे पैसे पाठवतो, अम्मी दोन बांगड्या काढून देते. पाया किती खोल आहे आणि त्यावर आणखी एक मजला पेलेल का, हे गवंड्यालाच विचारले जाते. नगरपरिषदेचे नाव या साऱ्या बोलण्यात आलेच तर असे येते : "त्यांचं काय ते नंतर बघू."

हे 'नंतर' बहुधा एका कागदाच्या रूपाने येते. तो दारावर डकवलेला असतो, त्यावर कलमांचे आकडे असतात आणि खाली मुख्याधिकाऱ्याची किंवा सहायक आयुक्ताची सही असते. घरातले सगळे घाबरतात, कोणीतरी नगरसेवकाकडे धावतो, कोणीतरी म्हणतो की असल्या नोटिसा सगळ्यांनाच येतात, फाडून टाक. धावणाऱ्याचे पुष्कळदा फक्त दिवस वाया जातात. फाडणारा मात्र स्वतःच्या बचावाचा कागदच फाडतो. नगरपरिषद किंवा महापालिका बांधकामाचे नियम कसे राबवते, तिने काय केलेच पाहिजे आणि आपण काय केलेच पाहिजे, ही माहिती घराघरात असावी म्हणून हा लेख.

परवानगी म्हणजे नेमके काय

महाराष्ट्रात या विषयाचा मूळ कायदा म्हणजे महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६. कचेरीत त्याला 'एमआरटीपी' म्हणतात. त्याच्या जोडीला नगरपरिषदांसाठी १९६५ चा, महापालिकांसाठी १९४९ चा आणि मुंबईसाठी १८८८ चा स्वतंत्र कायदा आहे. मुंबई आणि काही मोजकी क्षेत्रे सोडली तर डिसेंबर २०२० पासून राज्यभर एकच विकास नियंत्रण नियमावली लागू आहे. रस्त्यापासून किती अंतर सोडायचे, शेजाऱ्याच्या बाजूने किती सोडायचे, किती उंच जायचे, हे सगळे तिच्यात ठरवून दिलेले असते. शेजारच्या घराचा उजेड आणि वारा आपल्या भिंतीने अडू नये, आग लागली तर बंब आत यावा, यासाठी ती अंतरे असतात. शेजाऱ्याच्या हक्काविषयी आपण जे वयानात ऐकतो, त्यातले बरेचसे या रुक्ष नियमावलीत फुटांच्या आणि मीटरच्या भाषेत लिहिलेले आहे.

क्रम साधा आहे. परवानाधारक आर्किटेक्ट किंवा अभियंता नकाशा काढतो. सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड, मोजणीचा नकाशा आणि शुल्क यांसह कलम ४४ खाली अर्ज जातो. कलम ४५ खाली त्यावर निर्णय होतो. साठ दिवसांत काहीच उत्तर आले नाही तर परवानगी मिळाली असे कायदा मानतो, पण नकाशा नियमात बसत असेल तरच. नियमबाह्य नकाशा साठ दिवस पडून राहिला म्हणून पवित्र होत नाही. परवानगी नाकारली गेली तर चाळीस दिवसांत राज्य शासनाकडे अपील करता येते. मंजुरीनंतर बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र मिळते. जोते झाले की तपासणी होते, आणि शेवटी भोगवटा प्रमाणपत्र मिळते. या शेवटच्या कागदाकडे बहुतेक घरे पाठ फिरवतात, कारण तोवर पैसे संपलेले असतात आणि पाहुण्यांची दावत झालेली असते.

एक गैरसमज इथेच दूर करायला हवा. "छोट्या प्लॉटला आता परवानगी लागत नाही" असे चहाच्या टपरीवर सर्रास ऐकू येते. खरी गोष्ट अशी की १५० चौरस मीटरपर्यंतच्या, म्हणजे साधारण सोळाशे चौरस फुटांच्या भूखंडासाठी पद्धत सोपी केलेली आहे. परवानाधारक तज्ज्ञाच्या सहीचा, नियमात बसणारा नकाशा दाखल करायचा, शुल्क भरायचे. ती पोच हीच परवानगी समजली जाते. १५० ते ३०० चौरस मीटरसाठी दहा दिवसांत परवानगी देण्याची तरतूद आहे. म्हणजे हेलपाटे कमी झाले, पण नकाशा, शुल्क आणि नियम जागेवरच आहेत. घराच्या आतली डागडुजी, रंग, फरशी बदलणे, बाहेरून रूप न बदलणारी दुरुस्ती यांना मुळातच परवानगी लागत नाही. ओट्यावर टाइल्स लावताना कोणी दंडाची भीती घालून पैसे मागत असेल तर त्याला कलम विचारावे.

नगरपरिषदेला कळते कसे

बहुतेक वेळा तक्रारीतून. शेजाऱ्याशी नळावरून किंवा गाडी लावण्यावरून भांडण होते आणि अर्ज मात्र बांधकामाविरुद्ध जातो. कधी भाऊच भावाविरुद्ध अर्ज करतो. महापालिकेत प्रत्येक विभागाला बीट निरीक्षक असतो. त्याने फिरून नव्या बांधकामांची नोंद करायची असते. तो फिरतोही. काही ठिकाणी त्याच्या वहीत नोंद होण्याऐवजी खिशात नोट जाते, हे आम्ही झाकून ठेवणार नाही. आपली माणसे याला 'सेटिंग' म्हणतात आणि त्यावर खूशही असतात. रिश्वत देणारा आणि घेणारा दोघांविषयी दीन काय सांगतो ते वाचकांना ठाऊक आहे. निव्वळ व्यवहाराने पाहिले तरी हा सौदा खोटाच. त्या पैशाची पावती नसते, निरीक्षकाची बदली होते, नवा येतो आणि बांधकाम पहिल्या दिवसाइतकेच बेकायदा असते. शिवाय बेकायदा बांधकामावर विनाकारण कारवाई न करणाऱ्या अधिकाऱ्यालाही याच कायद्याच्या कलम ५६-अ खाली तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. त्यामुळे तक्रार वर पोचली की पैसे घेतलेलाच अधिकारी स्वतःला वाचवण्यासाठी सर्वांत आधी नोटीस काढतो.

नोटीस हातात आली

आता मुख्य गोष्ट. नोटीस दोन प्रकारची असते. काम चालू असेल तर कलम ५४ खाली काम थांबवण्याची. काम झालेले असेल तर कलम ५३ खाली बांधकाम काढून जमीन पूर्ववत करण्याची. विनापरवाना बांधकाम हा कलम ५२ प्रमाणे गुन्हाही आहे. त्यात किमान एक महिना ते तीन वर्षे कैद आणि दोन ते पाच हजार रुपये दंड सांगितला आहे. मुंबईत आणि काही प्रसंगी अन्य ठिकाणी नोटीस दुसऱ्या कायद्याच्या कलमाखालीही येते, म्हणून कलमाचा आकडा आधी वाचायचा.

त्यानंतर तारीख पाहायची. कागदावर लिहिलेली तारीख आणि तो आपल्याला मिळाला ती तारीख यांत पुष्कळदा अंतर असते. ज्या दिवशी मिळाला तो दिवस कागदाच्या मागे लिहून ठेवावा, दारावर डकवलेला असेल तर तसाच फोटो काढावा. टपालाने आलेले पाकीट फेकू नये, त्यावरचा शिक्का हाच पुरावा असतो. घरात फक्त बायका आहेत म्हणून नोटीस घ्यायला नकार देण्याची जुनी सवय आहे. नकार दिल्याने नोटीस रद्द होत नाही. कर्मचारी पंचनामा करतो आणि ती बजावली गेली असेच धरले जाते.

आणि उत्तर द्यायचेच. नोटीशीत दिलेल्या मुदतीत, लेखी, आवक विभागात शिक्का मारून पोच घेऊन. उत्तरात काय लिहायचे हे आपल्या स्थितीवर अवलंबून आहे. परवानगी होती पण कर्मचाऱ्याला जुनी फाइल सापडली नाही, असेही घडते. तेव्हा परवानगीची प्रत जोडायची. बांधकाम जुने असेल तर जुनी घरपट्टी, वीजबिल, जुना नकाशा असे वय दाखवणारे जे असेल ते जोडायचे. परवानगी नव्हती पण बांधकाम नियमात बसू शकते, अशी स्थिती असेल तर कायद्यात एक दार उघडे आहे, आणि आमच्या पाहण्यात फार थोडी कुटुंबे त्या दारापर्यंत वेळेत पोचतात. कलम ५३ च्या नोटिशीनंतर, तिच्याच मुदतीत, बांधकाम कायम ठेवण्यासाठी कलम ४४ खाली अर्ज करता येतो. त्या अर्जाचा अंतिम निकाल लागेपर्यंत नोटीस निष्प्रभ राहते, असे कायदाच म्हणतो. अर्ज मंजूर झाला तर नोटीस मागे घेतली गेली असे समजतात. बांधकामाचा काही भागच नियमात बसत असेल तर तेवढाच वाचतो. पुढे आलेला जिना किंवा गॅलरी स्वतः काढून टाकली की उरलेले घर नियमात बसते, अशी उदाहरणे कोणताही अनुभवी आर्किटेक्ट सांगेल. चार फुटांच्या गॅलरीच्या हट्टापायी अख्खा मजला पणाला लावू नये.

आधी सुनावणी, मग बुलडोझर

१३ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बुलडोझर कारवाईविषयी निकाल दिला. न्यायमूर्ती भूषण गवई आणि न्यायमूर्ती के. व्ही. विश्वनाथन यांचे ते खंडपीठ. त्याची बातमी सर्वांनी ऐकली, पण त्यातल्या सूचना फार थोड्यांनी वाचल्या. एखादा माणूस गुन्ह्यात आरोपी आहे, एवढ्या कारणाने त्याचे घर पाडता येत नाही, हा त्याचा गाभा. बाकीचा भाग कार्यपद्धतीचा आहे, आणि तो आरोपीपुरता नाही, प्रत्येक घराला लागू आहे.

त्यानुसार किमान पंधरा दिवसांची नोटीस दिल्याशिवाय पाडकाम करता येत नाही. नोटीस रजिस्टर टपालाने पाठवायची आणि बांधकामाच्या बाहेरच्या बाजूस डकवायचीही. ती पाठवली की जिल्हाधिकारी कार्यालयाला ई-मेलने कळवायचे, म्हणजे मागची तारीख टाकल्याचा आरोप उरत नाही. नोटिशीत बांधकामाचा कोणता भाग, कोणता नियम मोडला, सुनावणी कोणत्या तारखेला आणि कोणासमोर, कोणते कागद आणायचे, हे सगळे लिहायचे. नोटिसा आणि आदेश लोकांना पाहता यावेत म्हणून संकेतस्थळ ठेवायचे. मग प्रत्यक्ष सुनावणी. तिचे इतिवृत्त लिहून ठेवायचे. अंतिम आदेशात घरमालकाचे म्हणणे, त्यावरचे मत आणि कारणे यायला हवीत. दंड घेऊन बांधकाम नियमित होऊ शकते का, आणि होत नसेल तर पाडणे हाच एक मार्ग का उरतो, हेही सांगायला हवे. आदेशानंतर आणखी पंधरा दिवस, मालकाने स्वतः काढून घेण्यासाठी किंवा दाद मागण्यासाठी. त्यानंतरच पाडकाम, तेही चित्रीकरणासह आणि हजर असलेल्या अधिकाऱ्यांच्या व पोलिसांच्या नावांच्या अहवालासह. हे मोडले तर अवमानाची कारवाई होऊ शकते आणि नुकसानभरपाई अधिकाऱ्याच्या स्वतःच्या खिशातून वसूल होऊ शकते.

निकालाला एक मर्यादा आहे आणि ती नीट समजून घ्यायला हवी. रस्ता, पदपथ, रेल्वेमार्गालगतची जागा, नदी किंवा पाणवठा अशा सार्वजनिक ठिकाणच्या अनधिकृत बांधकामांना हे संरक्षण नाही. ज्या बांधकामाबाबत न्यायालयानेच पाडण्याचा आदेश दिला आहे त्यालाही नाही. नाल्यावर बांधलेली टपरी आणि स्वतःच्या प्लॉटवर चढवलेला मजला या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

निकाल लागला म्हणून सगळे लगेच बदलले असे झाले नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये सिंधुदुर्गातल्या मालवणला भारत-पाकिस्तान क्रिकेट सामन्याच्या वेळी घोषणा दिल्याचा आरोप एका भंगार व्यावसायिकाच्या कुटुंबावर झाला, आणि लगेचच नगरपरिषदेने त्यांचे बांधकाम पाडले. त्याविरुद्धच्या अवमान याचिकेवर मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाने नोटीस काढली. त्याच महिन्यात नागपुरात, दंगलीतल्या एका आरोपीच्या कुटुंबाचे घर महापालिकेने पाडले. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने कारवाई थांबवण्याचा आदेश दिला, तोवर ते घर गेलेले होते. पुढे महापालिका आयुक्तांनी न्यायालयात माफी मागितली. सर्वोच्च न्यायालयाच्या सूचना यंत्रणेपर्यंत पोचल्याच नव्हत्या, असे त्यांचे म्हणणे होते. देशभर गाजलेला निकाल चार महिन्यांनंतरही एका मोठ्या महापालिकेपर्यंत पोचत नाही, हे स्पष्टीकरण पचायला जड आहे. वर्षानुवर्षे उभे असलेले बांधकाम नेमके आरोपानंतरच्या दोन दिवसांत बेकायदा ठरते, तेव्हा नियोजनाचा कायदा शिक्षेचे हत्यार म्हणून वापरला जातो, असे लोकांना वाटणारच. आम्हालाही तसेच वाटते.

म्हणून सुनावणीची तारीख चुकवू नये. तारखेला गेलो तर आपले म्हणणे इतिवृत्तात येते, आणि उद्या उच्च न्यायालयात वकील उभा राहिला तर त्याच्या हातात बोलण्यासारखे काही असते. तारखेला कोणी बसलेच नव्हते, असेही होते. तसे असेल तर त्याच दिवशी 'हजर होतो, सुनावणी झाली नाही' असा अर्ज आवक विभागात देऊन पोच घ्यावी.

ज्या इमारती कोणी वेळेत थांबवल्या नाहीत

अन्यायाची बाजू मांडताना दुसरी बाजू गिळून टाकणे योग्य नाही. ४ एप्रिल २०१३ रोजी मुंब्र्याजवळ शीळफाट्याला लकी कंपाउंडमधली सात मजली इमारत कोसळली. ७४ माणसे गेली, त्यांत लहान मुले होती. अवघ्या काही महिन्यांत ती इमारत उभी राहिली होती, परवानगी नव्हती, वरचे काम चालू असतानाच खाली कुटुंबे राहायला आणली होती. रिकामी इमारत पाडणे सोपे आणि भरलेली पाडणे अवघड, हे बेकायदा बांधणाऱ्याला पक्के माहीत असते. स्वस्तात खोली मिळाली म्हणून जे राहायला जातात ते त्याची ढाल होतात. त्या प्रकरणात बिल्डरांबरोबर महापालिकेचे अधिकारीही पकडले गेले.

सात वर्षांनी, २४ ऑगस्ट २०२० ला महाडमध्ये तारिक गार्डन ही पाच मजली इमारत पडली आणि १६ जण दगावले. ती दहा वर्षांचीही जुनी नव्हती. गुन्हा नोंदला गेला तो बिल्डर, आरसीसी सल्लागार आणि आर्किटेक्ट यांच्याबरोबर नगरपरिषदेच्या मुख्याधिकाऱ्यावरही. महिन्याभरात, २१ सप्टेंबरच्या पहाटे, भिवंडीत जिलानी बिल्डिंग झोपलेल्या माणसांवर कोसळली. अनेक जीव गेले. ती १९८४ ची होती. मुंब्रा, महाड, भिवंडी ही नावे वाचताना या मासिकाच्या कित्येक घरांत कोणाची तरी आठवण निघेल. नगरपरिषदेचा अभियंता जोते तपासायला येतो तेव्हा तो अडथळा वाटतो. या तिन्ही ठिकाणी कोणीतरी, कुठल्यातरी टप्प्यावर, तपासायला हवे होते.

फ्लॅट घेताना

आपल्या वस्त्यांत फ्लॅट घेण्याची रीत अशी : इमारत कोणाची हे विचारायचे, नळाला पाणी आहे का पाहायचे, मस्जिद जवळ आहे का, भाव किती. कागद म्हणून नोटरी केलेला करार मिळतो आणि शिक्के पाहून आपण समाधान मानतो. नोटरीच्या करारावर ताबा मिळतो, मालकी नव्हे. दस्त रजिस्टर झाला तरी तेवढ्याने इमारत अधिकृत होत नाही. घरपट्टीचे तसेच. महापालिका कायद्यातच सांगितले आहे की अनधिकृत इमारतीवर दंडासह कर आकारला म्हणून ती नियमित झाली असे समजू नये. वीजमीटरही त्याच जातीचा. "वीस वर्षे टॅक्स भरतोय साहेब" हे वाक्य प्रत्येक कारवाईच्या वेळी ऐकू येते, आणि दर वेळी ते वाया जाते.

मग रेरा क्रमांक? तो पाहावाच, ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या जमिनीवरचा आणि आठपेक्षा जास्त सदनिकांचा नवा प्रकल्प असेल तर नोंदणी सक्तीची आहे. पण कल्याण-डोंबिवलीत ६५ इमारतींना बनावट बांधकाम परवानगीच्या आधारे रेरा नोंदणी मिळाल्याचे उघडकीस आले आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने त्या पाडण्याचा आदेश दिला. तिथे घर घेणाऱ्यांनी कर्जे काढली होती, क्रमांक पाहिला होता. आम्हाला या प्रकरणाने सर्वांत जास्त अस्वस्थ केले, कारण तिथे सावध माणूसही फसला. नालासोपाऱ्यात कचराभूमी आणि सांडपाणी केंद्रासाठी राखीव जमिनीवरच्या ४१ इमारती २०२४ च्या अखेरीपासून पुढच्या काही आठवड्यांत न्यायालयाच्या आदेशाने पाडण्यात आल्या; तिथे सगळ्या जातिधर्मांची माणसे राहत होती आणि सगळ्यांचेच सामान रस्त्यावर आले.

म्हणून परवानगीची प्रत बिल्डरच्या हातून घेऊन भागत नाही. तिचा क्रमांक आणि तारीख घेऊन नगररचना विभागात जावे आणि ती तिथूनच निघाली आहे का ते विचारावे. तोंडी उत्तर मिळत नसेल तर दहा रुपयांच्या माहिती अधिकार अर्जात मंजूर नकाशा, प्रारंभ प्रमाणपत्र आणि भोगवटा प्रमाणपत्र यांच्या प्रमाणित प्रती मागता येतात; तीस दिवसांची मुदत आहे. बिल्डर म्हणेल तीस दिवसांत भाव वाढेल. वाढू द्यावा. मंजूर नकाशात चार मजले आणि जागेवर सहा असतील तर वरचे दोन कितीही स्वस्त असोत, ते घेऊ नयेत. सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्डवर जमीन कोणाच्या नावे आहे तेही पाहावे. वक्फची जमीन विकता येत नाही, तिच्यावरचा स्वस्त फ्लॅट हा दुहेरी धोका आहे. १७ डिसेंबर २०२४ च्या आणखी एका निकालात, मेरठच्या एका प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की बांधकाम चालू असताना मंजूर नकाशा जागेवर लावलेला असावा, आणि पूर्णत्वाचा किंवा भोगवट्याचा दाखला पाहूनच वीज-पाणी जोडणी आणि बँकेचे कर्ज द्यावे. साइटवर गेल्यावर तो नकाशा कुठे लावला आहे, हे विचारायला आता कोणाचीही भीड बाळगण्याचे कारण नाही.

झाले ते नियमित होते का

काही वेळा होते. २०१७ मध्ये एमआरटीपीत कलम ५२-अ आले. त्यानुसार ३१ डिसेंबर २०१५ पर्यंतची काही अनधिकृत बांधकामे दंड व शुल्क भरून नियमित करता येतात. नदीपात्र, वनजमीन, धोकादायक इमारत असले प्रकार त्यात बसत नाहीत. गुंठ्या-गुंठ्याने जमीन घेऊन घरे बांधलेल्यांसाठी २००१ चा गुंठेवारी कायदा आहे आणि त्याची मर्यादा नंतर ३१ डिसेंबर २०२० पर्यंत वाढवली गेली. सांगलीपासून मराठवाड्यापर्यंत हजारो साधी घरे या वर्गातली आहेत. शुल्क जास्त वाटते म्हणून अर्ज टाळला जातो. लग्नाच्या मांडवावर त्याहून जास्त खर्च करणारी घरेही टाळतात. 'सरकार पुन्हा मुदत वाढवेलच' या भरवशावर बसणाऱ्यांना आम्ही एवढेच सांगू की नोटीस आली तेव्हा अर्ज दाखल होता की नव्हता, यावर पुष्कळ अवलंबून असते.

मस्जिदी आणि मदरशांच्या ट्रस्टींनाही हे लागू आहे. सार्वजनिक जागेवर कोणत्याही धर्माचे नवे अनधिकृत स्थळ होऊ देऊ नये, असा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश २९ सप्टेंबर २००९ चा आहे. स्वतःच्या जागेतही वजूखान्यावर मुलांसाठी वर्ग चढवायचा तर नकाशा मंजूर करून घ्यावा लागतो. चंद्याचा पैसा ही अमानत आहे. जमातीच्या बैठकीत सिमेंटच्या हिशेबाआधी परवानगीची प्रत ठेवायला सांगावे.

ज्यांना वकील परवडत नाही त्यांच्यासाठी प्रत्येक जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय असते. तिथे कमी उत्पन्नाच्या लोकांना वकील मोफत मिळतो, आणि स्त्रियांना तर उत्पन्न कितीही असले तरी मिळतो. घर अम्मीच्या किंवा बायकोच्या नावावर असेल तर अर्ज तिनेच करावा. जाताना नोटीस, तिचे पाकीट, उत्तराची पोच, घरपट्टीची सर्वांत जुनी पावती, प्रॉपर्टी कार्ड आणि असेल तो नकाशा सोबत घ्यावा. हे सगळे एकाच पिशवीत, आणि ती पिशवी कपाटाच्या कोणत्या खणात आहे ते घरातल्या दोघांना तरी माहीत असावे, कारण कर्मचारी येतो तेव्हा घरचा कर्ता पुरुष बहुधा कामावर किंवा परदेशात असतो.